माउस पॅडवरचा फोटो पुसत का नाही?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठल्याही स्टेशनाबाहेर फोटो-गिफ्टचं एखादं तरी दुकान असतंच. मोबाइलमधला फोटो द्यायचा, बाजूला उभं राहायचं, आणि थोड्या वेळाने तोच फोटो छापलेला माउस पॅड घेऊन घरी जायचं. घरी पोचल्यावर बहुतेक जण पहिल्यांदा चित्रावर नख घासून बघतात. मग बोट ओलं करून फिरवतात. रंग सुटत नाही, बोटाला जाडी लागत नाही, चित्राची कडही कळत नाही. शाळेच्या टी-शर्टवरचं रबरी चित्र चार धुण्यांत तडकतं आणि इथे वर्षभर मनगट घासूनही फोटो जागच्या जागी. हे कसं?

यामागोमाग आणखी दोन प्रश्न हमखास येतात. "दादा, हाच फोटो माझ्या सुती कुर्त्यावर टाकून द्या ना." दुकानदार नाही म्हणतो. "बरं, मग काळा पॅड घ्या आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव टाका." त्यालाही नाही. गिऱ्हाइकाला वाटतं, याला काम करायचं नाही.

तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. हे चित्र कापडाच्या धाग्याच्या आत गेलेलं असतं. ते तिथे कसं शिरतं एवढं समजलं की या धंद्यातले सगळे चमत्कारिक वाटणारे नियम आपोआप उलगडतात.

१. कापूर जातो कुठे?

देवघरातली कापराची वडी डबीबाहेर राहिली तर काही दिवसांत लहान होते आणि मग दिसेनाशी होते. खाली ओल राहत नाही. कपाटातल्या डांबरगोळ्यांचंही तेच. बर्फाचं आधी पाणी होतं आणि मग वाफ. कापूर मधली पायरी गाळतो आणि घनातून थेट वायू होतो. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात याला संप्लवन म्हटलेलं असतं. बाजारात 'सब्लिमेशन प्रिंटिंग' म्हणतात ते यावरूनच.

काही रंगही असे वागतात. त्यांना डिस्पर्स डाय म्हणतात. हे रंग पाण्यात नीट विरघळत नाहीत. अतिशय बारीक भुकटी होऊन पाण्यात नुसते तरंगत राहतात. म्हणूनच सब्लिमेशनची शाई प्रिंटरमध्ये भरण्याआधी बाटली हलवावी लागते. कापूर खोलीच्या तापमानालाच उडतो, या रंगांना मात्र १८० ते २०० अंश सेल्सिअसची भट्टी लागते. तेवढी उष्णता मिळाली की कागदावरचा रंग वायू होऊन उठतो आणि समोर जे असेल त्यात शिरू बघतो.

शिरू बघतो म्हटलं, कारण सगळीकडे त्याला प्रवेश मिळत नाही.

२. विरार लोकल आणि पॉलिएस्टर

माउस पॅडचे दोन थर असतात. खाली साधारण तीन मिलिमीटर जाडीचं फोमसारखं रबर, म्हणजे टेबलावर घसरू नये, आणि वर पांढरं, घट्ट विणीचं पॉलिएस्टरचं कापड. पाण्याची बाटली ज्या प्लास्टिकची असते, तेच प्लास्टिक वितळवून बारीक छिद्रांतून ओढलं की पॉलिएस्टरचा धागा होतो. त्याचे रेणू लांबलचक साखळ्यांसारखे असतात आणि या साखळ्या एकमेकींना इतक्या चिकटून बसतात की पाण्यालाही आत जागा मिळत नाही. पॉलिएस्टरचा शर्ट पटकन वाळतो तो यामुळेच: मुळात तो फारसा भिजलेलाच नसतो.

साधारण ७०-८० अंशांपर्यंत या साखळ्या जागेवर अडकलेल्या असतात. त्यापुढे त्या सैल होऊन वळवळू लागतात. धागा वितळत मात्र नाही. त्यासाठी अडीचशे अंशांच्याही वर जावं लागतं. मधल्या या पट्ट्यात, २०० अंशांच्या आसपास, काय घडतं ते समजायला संध्याकाळची विरार लोकल डोळ्यांसमोर आणा. डबा अंधेरीलाच भरलेला. गाडी हेलकावे घेते, माणसं सरकतात, क्षणभर फटी पडतात आणि दारातला नवखा प्रवासी त्या फटीतून आत ढकलला जातो. गर्दी पुन्हा घट्ट होते. आता बोरिवलीला उतरायचं म्हटलं तरी ते त्याच्या हातात राहिलेलं नसतं. रंगाच्या रेणूचं अगदी हेच होतं. उष्णतेने साखळ्या हलतात, वायू झालेला रंग आत शिरतो, कापड थंड होतं, साखळ्या आवळल्या जातात आणि रंग कायमचा आत. नखाने खरवडून तो निघणार कसा?

सुती कापडाचा स्वभाव उलटा. कापसाच्या धाग्याला पाणी आवडतं, आणि पाण्याचा कंटाळा असलेल्या या रंगाला तो आत घेत नाही. तापवून दाबणाऱ्या प्रेसमधून काढल्यावर कुर्ता पाच मिनिटं छान दिसेलही, पण रंग धाग्याच्या अंगाला नुसता टेकलेला असतो. पहिल्याच धुण्यात चेहरे फिके पडतात. टेरिकॉट म्हणजे पॉलिएस्टर आणि सूत यांचं मिश्रण. त्यावर फक्त पॉलिएस्टरचा वाटा रंगतो, सुताचा कोरा राहतो, म्हणून चित्र जुनं, उन्हात ठेवल्यासारखं दिसतं. आजकाल काही जण मुद्दाम तसलं मागतात आणि त्याला 'व्हिंटेज' म्हणतात, तो भाग वेगळा.

चिनी मातीच्या कपात तर असल्या साखळ्याच नसतात. म्हणून फोटोचा मग घेताना साधा कप चालत नाही; वरून प्लास्टिकच्या जातीचा पारदर्शक लेप दिलेलाच लागतो. रंग त्या लेपात शिरतो.

टेरिकॉट म्हटलं की पन्नाशीपुढच्या वाचकांना वडिलांची न चुरगळणारी पँट आठवेल. त्या पँटीतला 'टेरीन' धागा केमिकल्स अँड फायबर्स ऑफ इंडिया या कंपनीच्या ठाण्यातल्या कारखान्यात १९६५ पासून बनू लागला. पुढे रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर सुताचा कारखाना सुरू झाला तो १९८२ साली. त्याच वर्षीच्या जानेवारीत गिरणगावातला संप सुरू झाला होता. सुती मुंबई बंद पडत होती आणि पन्नास-साठ किलोमीटरवर पॉलिएस्टरचं सूत निघायला लागलं होतं. संपामागची कारणं वेगळी आणि पुष्कळ होती, पण हे साल लक्षात राहतं.

३. कागदावरून कापडावर

हा रंग मुळात पॉलिएस्टरसाठी बनलेला नाही. १९२०च्या दशकात ॲसिटेट नावाचं कृत्रिम रेशीम बाजारात आलं आणि नेहमीचे, पाण्यात विरघळणारे रंग त्यावर बसेनात. त्या अडचणीतून डिस्पर्स डाय निघाले. पॉलिएस्टरचा धागा इंग्लंडमध्ये विनफील्ड आणि डिक्सन यांनी शोधला तो १९४१ साली. त्यालाही तेच रंग लागू पडले, पण कटकटीने. बंद भांड्यात, दाबाखाली, १३० अंशांच्या पाण्यात कापड रंगवायचं, मग धुवायचं, मग पुन्हा धुवायचं. पाणी प्रचंड लागतं आणि रंगीत सांडपाणी त्याहून मोठी डोकेदुखी.

पाणी टाळून हे काम करण्याची युक्ती १९५७ मध्ये फ्रान्समधल्या नोएल द प्लास यांनी काढली. रुबे या कापड गिरण्यांच्या गावात, लेनियेर द रुबे या कंपनीत ते काम करत होते. चित्र आधी कागदावर छापायचं, कागद कापडावर पालथा घालायचा आणि तापवायचं. रंग वायू होऊन कापडात जातो, कागद टाकून द्यायचा. सत्तरच्या दशकात पॉलिएस्टरची लाट आली तेव्हा ही पद्धत जगभर चालली. तेव्हाचे कागद मोठ्या रोळांवर, हजारो मीटरच्या हिशेबात छापले जायचे. एकाच माणसासाठी एकच चित्र छापणं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. ते शक्य झालं टेबलावरचा इंकजेट प्रिंटर स्वस्त झाल्यावर.

४. गाळ्यात मावणारा धंदा

साकीनाका, मरोळ, चारकोप, भांडुप, मुलुंडचा एलबीएस मार्ग. उपनगरांतल्या या औद्योगिक वसाहतींमध्ये एकेका इमारतीत अनेक गाळे असतात. एकात नट-बोल्ट, शेजारी इमिटेशन ज्वेलरीचं पॉलिश, वर पॅकिंगचे खोके. सब्लिमेशनचं काम अशा गाळ्यात, किंवा स्टेशनजवळच्या त्याहूनही लहान दुकानात बसतं, त्याची दोन साधी कारणं आहेत.

पहिलं म्हणजे पाणी लागत नाही. रंगाई म्हटली की हौद, गटार आणि प्रदूषण मंडळाच्या परवानग्या आल्या. इथे ओलं काहीच नाही, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरही काम चालतं.

दुसरं, एक नग करता येतो. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी बनवावी लागते. चार रंगांचं बोधचिन्ह असेल तर चार जाळ्या, चार वेळा छपाई, आणि प्रत्येक वेळी चित्र जागेवर जुळवणं. हा खर्च पाचशे नगांवर विभागला तर परवडतो, एका नगावर नाही. कागदावर प्रिंटरने छापताना पहिल्या नगाला जेवढा कागद आणि जेवढी शाई लागते, तेवढीच पाचशेव्याला. त्यामुळे सीप्झमधल्या एखाद्या कंपनीच्या पाचशे पॅडांची ऑर्डर आणि बहिणीच्या वाढदिवसाचा एकच पॅड, दोन्ही कामं त्याच टेबलावर होतात.

सीप्झ हा अंधेरीचा इलेक्ट्रॉनिक्स निर्यात विभाग १९७३ पासूनचा. पवई, मालाड, गोरेगाव इथली कार्यालयं नंतरची. गोरेगावात द्रुतगती मार्गालगत आज जिथे निरलॉन नॉलेज पार्कच्या काचेच्या इमारती आहेत, तिथे पूर्वी निरलॉनच्या कारखान्यात नायलॉनचं सूत निघत असे. कृत्रिम धागा जिथे बनत होता तिथे आता कृत्रिम धाग्याचे पॅड वापरले जातात. नायलॉन म्हणजे पॉलिएस्टर नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवा. नायलॉनवर हा रंग चढतो, पण तितका पक्का बसत नाही.

गाळ्यातलं सामान मोजकं: संगणक, प्रिंटर, सब्लिमेशन पेपर, हीट प्रेस, टेफ्लॉनची शीट, उष्णतेला टिकणारी चिकटपट्टी. यात निवड चुकण्याची जागा म्हणजे प्रिंटर. काही कंपन्यांच्या प्रिंटरमध्ये शाई क्षणभर तापवून बुडबुडा केला जातो आणि त्या धक्क्याने थेंब उडतो. उष्णतेवर उठणाऱ्या शाईला हे भलतंच. एप्सनसारख्या प्रिंटरमध्ये विजेने हलणारा स्फटिक थेंब ढकलतो, शाई तापत नाही. म्हणून या धंद्यात बहुतेक ठिकाणी एप्सनच दिसतो. नवा घेतला की पहिल्या दिवसापासून त्यात सब्लिमेशनचीच शाई भरायची. हा प्रिंटर रोज थोडा तरी चालावा लागतो. मे महिन्यात दुकान बंद करून गावी गेलं की शाईतली भुकटी छिद्रांत सुकते आणि परत आल्यावर प्रिंटात पांढऱ्या रेघा.

हीट प्रेस दिसायला भल्या मोठ्या सँडविच टोस्टरच्या जातीचीच, फक्त आकडे बघण्यासारखे. १,८०० वॉटची प्रेस २३० व्होल्टवर जवळजवळ आठ अँपिअर ओढते. घरातल्या सहा अँपिअरच्या साध्या पिनेला ते झेपत नाही. फ्रीज-गिझरची मोठी पिन लागते. घरून धंदा सुरू करणाऱ्यांनी छपाई शिकण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवावं. मुंबईला भारनियमनाची सवय नाही, हेही या धंद्याच्या पथ्यावर पडतं. पॅड दाबलेला असताना मध्येच वीज गेली तर तो नग गेलाच.

५. उजव्या सोंडेचा गणपती

आता प्रत्यक्ष काम. चित्र कागदावर छापून तो कागद पॅडवर पालथा घालायचा असल्याने छापताना ते उलटं, आरशात दिसतं तसं छापावं लागतं. प्रिंटरच्या खिडकीत एका खुणेचा प्रश्न: 'मिरर' वर टिचकी द्यायची. ती राहिली तर नाव उलटं येतं आणि लगेच कळतं. खरा घोटाळा अक्षरं नसलेल्या फोटोत होतो. चेहरा उलटा झालेला पटकन ध्यानात येत नाही. घरी गेल्यावर कुणीतरी म्हणतं, आईचा पदर उजव्या खांद्यावर कसा? टेबलावर ठेवायच्या फोटो-प्लेटवर डाव्या सोंडेचा गणपती दिला असेल तर तो उजव्या सोंडेचा होऊन येतो, आणि उजव्या सोंडेचं सोवळं कडक, हे मानणाऱ्या घरात ती प्लेट ठेवायलाच कुणी तयार होत नाही.

पांढऱ्या रंगाचं काय? शाई चार रंगांची: निळा, गुलाबी, पिवळा, काळा. पांढरी शाई नसतेच. फोटोतले पांढरे दात म्हणजे शाई न पडलेलं कापड. शिवाय हे रंग पारदर्शक असतात. प्रकाश रंगातून आत जातो, खालच्या पांढऱ्या कापडावर आपटून परत येतो आणि मग आपल्याला रंग दिसतो. कापडच काळं असेल तर प्रकाश तिथेच संपला. काळ्या पॅडवर पांढरं नाव हवं असेल तर कारागीर उलट्या वाटेने जातो: पांढरा पॅड घेतो, सगळी पार्श्वभूमी काळी छापतो आणि नावाची जागा तेवढी कोरी सोडतो. गिऱ्हाइकाला हवं ते मिळतं. फक्त 'काळ्यावर पांढरं' असा हट्ट धरू नका, 'पांढऱ्यावर काळं भरून द्या' म्हणा.

ढोल-ताशा पथकं आणि मंडळं भगव्याबद्दल फार चोखंदळ असतात, आणि तिथे वाद ठरलेला. मोबाइलच्या पडद्यावरचा भगवा आतून पेटलेला असतो, त्यात प्रकाश असतो. पिवळा आणि गुलाबी मिसळून केलेला कापडावरचा भगवा तितका झळाळत नाही. पडद्याशी तुलना करून रंग ठरवू नये. आधी एक नमुना छापून घ्यावा आणि तोच प्रमाण मानावा. कागदावरचा रंग बघून तर मुळीच घाबरू नये. तापण्याआधी तो मातकट, मेलेला दिसतो. प्रेसमधून निघाल्यावरच तो खुलतो, आणि ही गोष्ट ठाऊक नसल्याने काउंटरवर उगाच भांडणं होतात.

मराठी मजकुराला एक जादा जोखीम आहे. रंग वायू होऊन जातो तेव्हा कडेला किंचित पसरतो. इंग्रजी अक्षरं मोकळी असतात. आपल्या अक्षरांवर रफार, अनुस्वार, मात्रा, खाली उकार. बारीक टायपात 'र्थी' मधली वेलांटी आणि रफार एकमेकांत मिसळतात. त्यात मोबाइलवर टाइप केलेलं मराठी जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये चिकटवलं तर वेलांटी अक्षराच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसते, जोडाक्षर सुटं होतं. डिझाइन करणाऱ्याला मराठी वाचता येईलच असं नाही. तेव्हा छपाईआधीचं प्रूफ स्वतः, अक्षर-अक्षर लावून वाचा.

६. पन्नास सेकंद

पॅड रबराची बाजू खाली करून प्रेसवर ठेवतात. आधी रिकामाच पाच-दहा सेकंद दाबतात. त्यावर कागद पालथा, चिकटपट्टीने घट्ट, वर टेफ्लॉन किंवा साधा कोरा कागद, आणि मग झाकण खाली. तापमान १८० ते २०० अंश, वेळ चाळीस ते साठ सेकंद. नेमका आकडा प्रत्येक प्रेसचा वेगळा, कारण प्रेसच्या पडद्यावर लिहिलेलं तापमान आणि तव्याच्या कोपऱ्यातलं खरं तापमान एक नसतं.

उष्णता कमी पडली तर रंग पुरता आत जात नाही आणि फोटो धुरकट राहतो. जास्त झाली तर काळा रंग तपकिरीकडे झुकतो, बारीक रेघा पसरतात, रबराला वास सुटतो. दाबाचंही असंच. टी-शर्टच्या अंदाजाने कचकचून दाबलं तर खालचा फोम चेपतो आणि पॅडच्या कडा पातळ होतात. दाब मध्यम, कागद सगळीकडे टेकेल इतकाच. झाकण उघडताना कागद जरासा सरकला तर तापलेल्या कापडात रंग दुसऱ्यांदा शिरतो आणि चित्राला सावली पडते; धंद्यातले लोक त्याला 'घोस्ट' म्हणतात. चिकटपट्टी त्यासाठीच. काढलेला पॅड गरम असताना कडेने वळतो, म्हणून तो सपाट टेबलावर वजनाखाली थंड करतात.

आधीचे ते रिकामे पाच-दहा सेकंद नवशिक्याला वेळ घालवणं वाटतं, आणि जूनपर्यंत तसं वाटायला हरकत नाही. मुंबईत पाऊस सुरू झाला की हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते. कागद आणि कापड दोन्ही ती ओल धरतात, डोळ्यांना दिसत नाही. झाकण बंद झाल्यावर त्या ओलीची वाफ होते, कागद आणि कापड यांच्यामध्ये कोंडते आणि रंगाला वाटेल तिकडे ढकलते. चित्रात डाग, फिकट ठिगळं, कडेला निळसर पसारा. दिवाळीच्या ऑर्डरींचे नमुने ऐन पावसाळ्यात निघतात, त्यामुळे हा त्रास नेमका चुकीच्या वेळी येतो. उपाय काही मोठे नाहीत: कागदाचं पाकीट प्लास्टिकच्या घट्ट डब्यात ठेवणं, लागतील तेवढीच पानं काढणं, पॅड आधी कोरडा दाबून घेणं. खिडकी किंवा एग्झॉस्ट पंखा मात्र बारा महिने चालू हवा. तापलेलं रबर आणि उठणारा रंग, दोन्ही दिवसभर नाकात जाऊ देण्याजोगे नाहीत. कित्येक गाळ्यांत एसीचा गारवा जाऊ नये म्हणून खिडक्या बंद असतात, ते चूक आहे.

वेळेचा हिशेब करून बघू. ३८ बाय ३८ सेंटिमीटरच्या प्रेसवर २२ बाय १८चे दोन पॅड शेजारी-शेजारी मावतात. मांडणं, दाबणं, काढणं मिळून एका फेरीला दोन मिनिटं धरा. शंभर पॅडांना पन्नास फेऱ्या, म्हणजे शंभर मिनिटं. पण एका ए-फोर कागदावर एकच पॅड बसतो, आणि चांगल्या दर्जाची छपाई कागदामागे तीन मिनिटं घेते असं मानलं तर शंभर कागदांना तीनशे मिनिटं, पाच तास. म्हणजे अडतं ते प्रिंटरपाशी. प्रेस बराच वेळ रिकामी असते. धंदा वाढवताना दुसरी प्रेस घेणारे पुष्कळ असतात. आधी दुसरा प्रिंटर घ्यावा.

७. व्हॉट्सॲपवरचा फोटो का फाटतो?

फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. एका इंचात किती ठिपके बसवले यावर तो स्वच्छ दिसणार की फुटणार हे ठरतं. छपाईत इंचाला ३०० ठिपके उत्तम समजतात. पॅडच्या विणलेल्या कापडावर दीडशेलाही काम भागतं.

२२ सेंटिमीटर म्हणजे ८.६६ इंच. गुणिले ३००, म्हणजे लांबीला सुमारे २,६०० ठिपके हवेत. दीडशेच्या हिशेबाने १,३००. व्हॉट्सॲपवर साध्या दर्जात पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १,६०० ठिपक्यांपर्यंत आकसतो. १,६०० भागिले ८.६६, इंचाला १८५. लहान पॅडला चालून जातं.

आता तोच फोटो ८० बाय ३० सेंटिमीटरच्या गेमिंग पॅडवर ताणा. ८० सेंटिमीटर म्हणजे ३१.५ इंच; भागाकार करा, इंचाला जेमतेम ५१. चेहऱ्यावर चौकोन दिसतील. फोनमधली मूळ प्रत ४,००० ठिपक्यांची असेल तर तिथे १२७ मिळतात, बऱ्यापैकी. म्हणून दुकानदार सांगतो की फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. ते ऐका, त्यात त्याचा काही फायदा नाही.

आकाराचंही गणित आहे. फोनचा फोटो ४,००० बाय ३,००० असतो. ८० बाय ३०च्या लांबट पॅडवर पूर्ण रुंदी बसवली तर उंचीतले १,५००च ठिपके राहतात, म्हणजे निम्मा फोटो कापला जातो. ऑफिसच्या ग्रुप फोटोत माणसं दोन रांगांत उभी असतील तर एक रांग गेली. कुठली, ते आधी ठरवून घ्या. कडेला तीन-चार मिलिमीटर चित्र जास्तीचं छापतात, कागद किंचित तिरका बसला तर पांढरी पट्टी दिसू नये म्हणून. त्यामुळे नाव, तारीख, बोधचिन्ह अगदी काठावर ठेवू नये.

८. आणि माउसला काय वाटतं?

पॅडचं मूळ काम फोटो मिरवण्याचं नव्हतं. डग्लस एंगेलबार्ट यांच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत १९६४ च्या सुमारास पहिला माउस झाला, लाकडी खोक्याचा, खाली दोन चाकं. ९ डिसेंबर १९६८ ला त्यांनी तो सॅन फ्रान्सिस्कोत जाहीरपणे चालवून दाखवला. पुढे चाकांच्या जागी गोळी आली. गुळगुळीत सनमायकावर गोळी फिरण्याऐवजी घसरायची. तिला पकड देणारं कापड आणि कापडाला धरून ठेवणारं रबर, असा पॅड रूढ झाला. गोळीवर साचलेला मळ नखाने काढणं हे तेव्हाच्या प्रत्येक ऑफिसातलं नित्यकर्म होतं.

१९९९ साली मायक्रोसॉफ्टचा प्रकाशावर चालणारा इंटेलिमाउस एक्सप्लोरर आला आणि गोळी गेली. त्याच्या पोटातला चिमुकला कॅमेरा सेकंदाला १,५०० वेळा खालच्या पृष्ठभागाचे फोटो घेत होता आणि दोन फोटोंमधला फरक मोजून आपण किती सरकलो ते ठरवत होता. त्याला लागतो बारीक खडबडीतपणा. काचेचं टेबल त्याला आंधळं करतं. पॉलिएस्टरची वीण त्याला आवडते. चित्र धाग्याच्या आत असल्याने वीण छपाईआधी जशी होती तशीच उघडी राहते. वरून चिकटवलेल्या रबरी चित्राच्या पॅडवर माउस कडेला अडखळला असता. इथे त्याला चित्र आहे हे कळतही नाही.

गोळी गेली तेव्हा पॅडची गरज संपायला हवी होती. बाजाराने तो भेटवस्तू म्हणून ठेवून घेतला.

९. घेताना आणि वापरताना

पॅड मळला तर गार पाणी, सौम्य साबण, हाताने चोळणं आणि सावलीत सपाट वाळवणं, एवढं पुरतं. इस्त्री कधीही फिरवू नका. कडक तापलेली इस्त्री साखळ्या पुन्हा सैल करते आणि रंग बाहेर पडायला मोकळा होतो. वर ठेवलेल्या कापडावर तुमच्या फोटोची फिकट प्रत उमटेल. दुसरा शत्रू ऊन. धुण्याने न जाणारा हा रंग सूर्यप्रकाशाने हळूहळू तुटतो, तेव्हा पश्चिमेच्या खिडकीखालचं टेबल असेल तर पॅड काही वर्षांत फिका होणार हे गृहीत धरा. 'आजन्म टिकेल' असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि सोडून द्या.

दुकानात विचारायचे प्रश्न तीनच: वरचं कापड पॉलिएस्टरचं आहे ना, कडेपर्यंत छपाई येईल ना, आणि प्रूफ दाखवणार ना. मोठी ऑर्डर असेल तर आधी एकच नग पैसे देऊन करून घ्या, ओल्या रुमालाने जोरात घासून बघा, त्यावरची सगळ्या वेलांट्या-उकार वाचा, आणि उरलेल्या नव्व्याण्णवांची ऑर्डर त्यानंतरच द्या.